टेकला न, आबाजी

नाल्यात माझा पाय टेकला होता. तिसऱ्यांदा. डावा पाय, बुटाचं टोक, पाण्याखालचा एक सपाट काळा गोटा, आणि वेळ म्हणाल तर डोळ्याचं पातं लवावं एवढाच. पण टेकला होता. बुटातून पाण्याचा गारवा लागत नाही, दगडाचा टणकपणा मात्र लागतो, आणि तो मला थेट गुडघ्यापर्यंत लागला होता. तरी थांबलो नाही. गाडी पलीकडच्या दरडीवर चढवली, इंजिन बंद केलं आणि हँडलवर ओणवा होऊन दम खात उभा राहिलो. वर बाभळीच्या सावलीत तो पोरगा बसला होता. आठ-नऊ वर्षांचा. शाळा नसली की आजीच्या बकऱ्या घेऊन नाल्यावर येतो. पाय न टेकवता मोटारसायकलवर नाला ओलांडायच्या या खेळाचा हिशेब मीच त्याला शिकवून ठेवलाय, म्हणून तो मन लावून मोजत होता.

"तीन," तो म्हणाला.

"दोन," मी म्हणालो.

"टेकला न, आबाजी! त्या काया गोट्यावर."

"नाही टेकला बे. तुले दिसला असंन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गोट्याकडे पाहिलं. गोटा ओलाच होता, त्यावर काय दिसणार. वाद घातला नाही त्यानं. काडी उचलली, पँट वर ओढली आणि कपाशीच्या पऱ्हाटीत घुसलेल्या एका बकरीला शिव्या देत निघून गेला.

त्या रात्री भाकर गोड लागली नाही असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. चांगला जेवलो. वांग्याचं भरीत होतं, जवसाची चटणी होती. डिसेंबरातली थंडी आणि चुलीजवळची जागा. पण अंथरुणावर पडलो आणि तो गोटा डोळ्यांसमोर येऊन बसला. ज्या खेळात मला कुणी बक्षीस देणार नाही आणि माझं कुणी काही काढून घेणार नाही, त्यात एका लेकरासमोर मी एका पायापुरता खोटं बोललो. कशासाठी? बरं, तिथे लाज वाटायला दुसरं होतं तरी कोण? चार बकऱ्या.

एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होतो. लोकांना वाटतं ड्रायव्हर फिरतो. ड्रायव्हर बसतो, फिरतं ते बाहेरचं. डाव्या मांडीला इंजिनाची धग, उजव्या कानाला खिडकीचा वारा, आणि बुडाखाली ती एक सीट, जिचा खड्डा माझ्या बेताचा झाला की नेमकी दुसरी गाडी ड्युटीवर यायची. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली तेव्हा कंबर बोलायला लागली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी दाखवली आणि म्हणाले, बसणं कमी करा. ड्रायव्हरला बसणं कमी करायला सांगायचं म्हणजे मासोळीला पाणी कमी कर म्हणण्यासारखं. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची नागपूर काढली.

मग संप आला. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत गाड्या उभ्या होत्या. त्याबद्दल इथे लिहायचं नाही, ज्यांनी तो काढला त्यांना ठाऊक आहे. मी गावी आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा इतके दिवस सलग घरी राहिलो. तिथे एका संध्याकाळी पुतण्यानं फोन पुढे केला. "काका, हे पाहा काय येडेपणा आहे." एक माणूस मोटारसायकलवर उभा होता आणि गाडी घराएवढ्या दगडावर चढत होती. वेगानं नाही. चढायच्या आधी ती थांबल्यासारखी झाली, दगडाचा वास घेतल्यासारखं पुढचं चाक त्याला लावलं, आणि मग एका श्वासात वर. पुतण्या दगडाकडे पाहत होता. मी गाडीकडे पाहत होतो.

त्या गाडीला सीटच नव्हती.

टाकी जिथे संपते तिथून मागच्या मडगार्डपर्यंत नुसता एक उतार. बसायची सोयच नाही, कारण त्या खेळात कुणी बसतच नाही. मी ते चित्र थांबवून मोठं करून पाहिलं. पुतण्याला वाटलं काकांचा चष्मा बदलायला झाला. त्याला काय सांगू, की एकतीस वर्षं सीटवर चिकटवलेल्या माणसाला सीट नसलेली गाडी पाहून काय वाटलं ते!

खेळाचं नाव ट्रायल्स. नाला, दरड, झाडाची मुळं, ओले गोटे अशा जागी रस्सी बांधून दोन-तीन हात रुंदीची वाट आखतात. तिच्यातून पाय न टेकवता पार व्हायचं. एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, तीनदा टेकला तर तीन. त्यापुढे कितीही टेकला तरी तीनच. पडलात किंवा रस्सीबाहेर गेलात तर पाच. आणि गुण म्हणजे इथे दंड, ज्याचे कमी तो जिंकला. घड्याळ असतं, पण ते पहिला कोण आला हे पाहायला नसतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतली पंधरा ऑगस्टची स्लो सायकल आठवली. तुमच्याही शाळेत असेल. चुन्याच्या दोन रेघा, सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. सातवीत मी त्यात पहिला आलो होतो. बक्षीस म्हणून स्टीलची थाळी मिळाली होती, तिच्यावर नाव कोरलेलं होतं आणि ते चुकीचं कोरलेलं होतं. म्हणजे हा खेळ मला येत होता. मधली सत्तेचाळीस वर्षं तेवढी वेळापत्रकात गेली.

आमच्याकडे हळू चालण्याला तसा मान नाही. शंकरपटाला पाहा, अख्खा मुलूख लोटतो, बैलजोडी किती सेकंदांत पल्ला मारते ते पाहायला. हळू म्हटलं की आमच्या लोकांना पुलगाव-आर्वीची शकुंतला आठवते. उतरायचं, वावरातून हरभरा उपटायचा आणि धावत जाऊन परत डब्यात चढायचं, अशा गोष्टी म्हातारे अजून हसून सांगतात. त्या गाडीवर कुणाचा राग नव्हता, पण तिला कुणी मोठं म्हणत नव्हतं. स्कॉटलंडात मात्र या हळू जाण्याची सहा दिवसांची स्पर्धा १९०९ पासून चालत आलीय. सॅमी मिलर नावाचा बेलफास्टचा एक गडी एरियल कंपनीची पाचशे सीसीची धूड गाडी घासून-कापून हलकी करत आणि जिंकत राहिला. मग एक दिवस त्यानं ती सोडली, स्पेनच्या बुल्टाको कंपनीबरोबर बसून अडीचशेच्या आतली हलकी गाडी घडवली आणि १९६५ साली तिच्यावर तीच स्पर्धा मारली. जड गाड्यांचे दिवस तिथून सरले. हे वाचून मी आपल्या गल्लीतल्या माणसाची बातमी वाचावी तसा खूश झालो. बारा-तेरा टनांचं धूड हाकून आलेल्या माणसाला कुणीतरी सांगत होतं, की जड सोड. आणि आताच्या काळातला तो कॅटलान, टोनी बोऊ. २००७ ते २०२४, सलग अठरा वर्षं जगज्जेता. त्याची गाडी सत्तर किलोच्या आसपास असते. माझं वजन त्याहून जास्त आहे.

मला दुचाकी येत नव्हती, हे आधीच सांगायला हवं होतं. गावात कुणाचा विश्वास बसत नाही. माझ्या पिढीचा, वर्धा जिल्ह्यातला, लग्न झालेला माणूस आणि मोटारसायकल येत नाही? पण ड्रायव्हरच्या केबिनमधून दुचाकी जशी दिसते तशी तुम्हाला दिसत नाही. वरून दिसते. हेल्मेट नसलेलं डोकं, मागे बसलेल्या बाईचा उडणारा पदर, मध्ये दाबलेलं लेकरू, आणि हे सगळं आपल्या बंपरपासून चार हातांवर. तळेगावच्या घाटात पावसाच्या दिवसांत मी जे पाहिलंय ते लिहिणार नाही. तेव्हापासून दुचाकी म्हटली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. सायकल चालवायची आणि एसटी चालवायची, मधलं काही नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर आरटीओत गेलो तेव्हा खिडकीपुढच्या रांगेत सगळी अठरा-एकोणीसची पोरं आणि त्यांच्यात मी, हेवीचं लायसन आणि बिल्ला खिशात घेऊन, दुचाकीचं लर्निंग काढायला. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो तो जोडला. टेस्टला आठचा आकडा काढायला लावतात. माझ्या पुढचा पोरगा फोनवर बोलत बोलत आठ काढून आला. मी दोनदा काढला. पहिला नऊसारखा झाला होता.

गाडी निवडताना मी जेवढा हिशेब केला तेवढा मुलीचं स्थळ पाहतानाही केला नव्हता. खऱ्या ट्रायल्सच्या गाड्या आपल्याकडे शोरूममध्ये मिळत नाहीत. बाहेरून आणायच्या तर लाखांच्या गोष्टी, आणि चिमटीएवढा एखादा भाग तुटला तर तो आर्वीत कुठून आणणार? मग आपल्याकडचं काय, ते पाहिलं. हिरोची एक्सपल्स चांगली उंच, दगडावरून जायची. पण दीडशे किलोच्या वर वजन, आणि सीट एवढ्या उंचीवर की शोरूममध्ये बसलो तेव्हा माझा पायच टेकेना. सेल्समन पोरगा म्हणाला, सर, सवय होईल. मी म्हटलं, बाप्पा, हा तर खेळच पाय न टेकवायचा आहे, पण टेकवायचा झाला तर टेकला पाहिजे न! आरएक्स हंड्रेड हलकी, तिच्या इंजिनात जीव. पण ती १९९६ मध्ये बंद झाली, आणि आता तिची किंमत लोखंडाची राहिली नाही, ज्याच्या त्याच्या तरुणपणाची झाली आहे. तेवढं तरुणपण माझं नव्हतं. टीव्हीएसची एक्सएल तर आमच्या मुलखाची बैलबंडीच. खताची तीन पोती, फवाऱ्याचा पंप आणि वर बायको असं सगळं घेऊन धुऱ्यावरून जाते. हलकी, बुटकी, स्वस्त. मी जवळजवळ घेतलीच होती. पण तिला क्लच दांडी नाही, क्लच आपला आपण लागतो-सुटतो. आणि ट्रायल्स म्हणजे निम्मा खेळ क्लचच्या दांडीवरच्या एका बोटाचा. म्हणून ती सुटली. अजून वाईट वाटतं.

शेवटी कारंज्याच्या बाजारात एका दूधवाल्याची सीडी हंड्रेड सापडली. शंभर सीसीतली ही चार गिअरची गाडी १९८५ मध्ये आली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, आणि गावातल्या एकाच घरी ती होती. दूधवाल्याच्या गाडीला दोन्ही बाजूंना कॅनचे कडे, टाकीला दुधाचा आंबूस वास आणि सीट म्हणजे गोणपाट. किती किलोमीटर चालली विचारलं तर म्हणाला, "मीटर बंद पडलं तेव्हाचं सांगू का?" नऊ हजारांत सौदा झाला. कागदांची मुदत सरली होती. मला ती रस्त्यावर काढायचीच नव्हती. रस्त्यावरच्या गाडीचं मूळ रूप असं बदलता येत नाही हे कायद्याचं कलम ५२ मला तोंडपाठ आहे. ती टेम्पोत घालून वावरात आणली आणि तेव्हापासून तिनं डांबर पाहिलेलं नाही.

सगळ्यात आधी सीट काढली.

आणि सौभाग्यवती अंगणात आल्या. मिस्त्री पान्यानं नट काढत होता, मी सीट हातात धरून उभा होतो. तिनं सीटकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "जिंदगीभर साऱ्या जगाले बसवून फिरवलं तुमी. मले एक डाव डबलसीट नेलं नाही. आन आता म्हातारपणी गाडी घेतली, त तिले सीटच नाही!" मिस्त्री हसला. मीही हसलो. ती हसली नाही. पुढे आली, माझ्या हातातली सीट घेतली आणि आत नेऊन ठेवली. ती सीट अजून घरात आहे, धान्याच्या कोठीमागे, गोणपाटासकट. का ठेवली विचारायची हिंमत मी केलेली नाही.

ती माझ्या गाडीत बसली ती एकदाच. माहेरी, मोर्शीकडे जायचं होतं आणि त्या मार्गावर ड्युटी माझीच होती. तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसली होती. मुलगी मांडीवर. कंडक्टरनं पास पाहिला, आरशातून माझ्याकडे पाहून हसला. मी दीड तास गाडी चालवली. समोर, काचेच्या वर, लाल अक्षरांत लिहिलेलं असतं ते, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. ती बोलली नाही. मी आरशात पाहायचो तर ती बाहेर पाहत असायची, आणि तिनं माझ्या पाठीकडे पाहिलं असेल तेव्हा मी रस्ता पाहत असेन. उतरताना मागच्या दारानं उतरली. आम्ही एकत्र केलेला तो सगळ्यात लांबचा प्रवास.

मिस्त्रीनं गाडी महिनाभर खोलून ठेवली होती. मडगार्ड उंच केले, लोखंडाचे होते ते काढून प्लास्टिकचे बसवले. पुढचं चेनचक्कर एक दाताने लहान, मागचं चांगलं ताटाएवढं, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये रेस न देता गाडी माणसाच्या चालीनं चालेल. फुटरेस्ट मूळचे फार पुढे होते, त्यांच्यावर उभं राहिलं की माणूस मागे लटकतो. ते कापून तीन बोटं मागे वेल्डिंग केले. मागे मोठ्या बटणांचा टायर. मग कापसाच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर गाडी चढवली. ८८ किलो. क्विंटलला बारा कमी. व्यापाऱ्यानं विचारलं, ओल किती धरू?

आणि मग शिकायला लागलो. शिकायला म्हणजे विसरायला, हे पहिल्याच दिवशी कळलं. एसटीत हाफ क्लच म्हणजे पाप. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याला वर्कशॉपात सगळ्यांदेखत झापायचे, प्लेटा तुझ्या बापाच्या आहेत का म्हणून. इथे मात्र क्लच कायम अर्धा. एक बोट दांडीवर, इंजिन एका लयीत, आणि पुढे किती जायचं ते रेसनं नाही तर त्या बोटानं ठरवायचं, तेही वीतभर-वीतभर. माझं बोट ऐकेना. अख्खा पंजा क्लच दाबायचा नाहीतर अख्खा सोडायचा, आणि गाडी कोकरासारखी उड्या मारायची. दुसरं, वळण. रस्त्यावर आपण गाडीबरोबर झुकतो. इथे इतक्या हळू वळायचं असतं की गाडी आत पाडायची आणि आपण बाहेर राहायचं. डावीकडे वळताना गाडी डावीकडे, माझं बूड उजवीकडे. साठी गाठलेला माणूस भर दुपारी खळ्यात दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती बूड बाहेर काढून गोल गोल फिरतोय, हे पाहायला पांदणीवरून जाणारी प्रत्येक बंडी थांबायची. म्हातारचळ हा शब्द मी पाठीमागून ऐकला. पुढून लोक विचारायचे, "भाऊ, काही हरवलं काय?"

तिसरं, नजर. हे एकच मला येत होतं. घाटात ड्रायव्हर समोरचा खड्डा पाहत नाही, त्याच्या पुढचं वळण पाहतो. दगडाकडे पाहिलं की चाक दगडावर जातं. दगडाच्या पलीकडे पाहिलं की चाक तिथे पोचतं.

आमच्या मातीला मात्र कुठल्याच देशाचा नियम लागत नाही. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की दहा हातांत चाकाचा लाडू होतो आणि मडगार्डमध्ये गच्च बसून तो फिरतच नाही. ट्रायल्सवाले चिखल म्हणतात तो आपल्याकडचा नव्हे, त्यांचा चिखल निसरडा असतो, आपला ओढून घेतो. उन्हाळ्यात त्याच मातीला अशा भेगा पडतात की एकीत माझं पुढचं चाक आरपार बसलं आणि मी हँडलवरून उतरलो, म्हणजे उतरलो असं मी घरी सांगितलं. राहिले ते दसऱ्यापासून होळीपर्यंतचे दिवस, आणि राहिला नाला. नाल्यातल्या गोट्यांची पकड यावी म्हणून टायरमधली हवा इतकी कमी करायची असते की बोटानं टायर दबतो. खऱ्या गाड्यांत तर मागे चार-पाच पौंडच ठेवतात. मी आठ ठेवली. हवा कमी म्हणजे टायर रबराच्या पंजासारखा दगड धरतो, हे खरं आहे आणि फार सुखाचं आहे. पण स्कॉटलंडात बाभूळ नाही. पहिल्या महिन्यात अकरा पंक्चर. काटा काढून पुरावा म्हणून मी ते काडेपेटीत जमा करत होतो.

एकदा धुऱ्यावरून उतरताना तोल गेला आणि शेजारच्या वावराच्या झटक्याच्या तारेला हात लागला. रानडुकरांसाठी सोलरची तार लावतात ती. जीव जात नाही, पण डुक्कर का पळतं ते नीट समजतं. शेजारी तुरीतून डोकं काढून म्हणाला, "चालू आहे न? म्या आजच बॅटरी बदलली."

आणि तरीही. सकाळी सहाला वावरात यावं, अंगावर जुनी खाकी पँट, हवेत पऱ्हाटीचा ओला वास, नाल्यावर वाफ. गाडी चालू करावी, फुटरेस्टवर उभं राहावं. कंबर सरळ. गुडघे किंचित वाकलेले. तो मणका, जो सकाळी चहाचा कप उचलतानाही कुरकुरतो, तो गप्प बसतो. पुढचं चाक पाण्यात जातं, गोट्याला लागतं, बोट क्लच जरासा सोडतं, आणि गाडी मागचं पाऊल उचलून पुढचं ठेवावं तशी वर येते. मग पुढचा गोटा. मग पुढचा. तीस हातांचा नाला पार करायला मिनिट लागतं. या मिनिटात मागे चव्वेचाळीस माणसं नसतात. कुणाची परीक्षा, कुणाचा दवाखाना, कुणाची पुढची गाडी चुकणार नसते. घंटी वाजत नाही.

घंटीचं मात्र सांगायला हवं. त्या रात्री गोट्याच्या मागून घंटीच आली.

१९९८ चा कापूस हंगाम. गावाचं नाव नको. अरुंद पूल, पुलाच्या तोंडाशी काटकोनात वळण, आणि कापसाची भरलेली बंडी जिनिंगला निघालेली. बंडीवाल्यानं बैल कडेला घेतले होते, जागा सोडली होती. मी वळलो. लांब गाडी वळली की तिचं मागचं टोक बाहेर फेकलं जातं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मला ठाऊक होतं. मी घाईत होतो. आवाज मोठा झाला नाही, कडक असा एक. खाली उतरून पाहिलं तर बंडीच्या चाकाचे दोन आरे मोडले होते. बैल गवळाऊ, पांढरे, थरथरत होते. बंडीवाला माझ्यापेक्षा मोठा, डोक्याला टापरं. त्यानं चाकाकडे पाहिलं, गाडीतून वाकून पाहणाऱ्या माणसांकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "जाऊ द्या ड्रायव्हर भाऊ. तुमची गाडी लेट होईन."

मी जागेवर येऊन बसलो. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग दोनदा घंटी दिली. टण टण. ती गोष्ट कुठे लिहिली गेली नाही, मी लिहिली नाही. भरलेली बंडी दोन आरे मोडक्या चाकावर जिनिंगपर्यंत गेली की वाटेत बसली, त्यानं माप दिलं की परत नेलं, चाकाला सुतारानं किती घेतले, मला माहीत नाही. परतीच्या फेरीला तिथे कापसाचे चार बोंडं रस्त्यावर पडलेले दिसले. पुढे पंचवीस वर्षं विना अपघात सेवेबद्दल माझा सत्कार झाला, खिशावर बिल्ला लागला, सौभाग्यवतींना मंचावर बोलावलं. टाळ्या झाल्या. फोटोत मी हसतोय. बिल्ला खरा आहे. अपघाताच्या कागदावर जे येतं तसं काही माझ्या हातून कधी घडलं नाही, देवाची कृपा. पण शून्य म्हणावं तर ते दोन आरे आहेत.

पुढच्या रविवारी नाल्यावर गेलो तेव्हा गाडी चालूच केली नाही. पोरगा बाभळीखाली तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसला होता. मी दरड उतरून त्याच्याजवळ गेलो. गुडघे मोडून बसायला मला वेळ लागतो, तोवर त्यानं दोन शेंगा संपवल्या.

"त्या दिवशी तीन होते," मी म्हणालो.

त्याला आधी कळेना कशाचं. मग आठवलं. दाणे तोंडात टाकत म्हणाला, "तीन नाही, आबाजी. चार होते."

"चार?"

"एक पह्यलेच टेकला होता. तुमी उतरत होते न, तवा. तुमाले मालूम नाही पडलं असंन. तो म्या सोडून देल्ला."

"कायले सोडला बे?"

यावर त्यानं खांदे उडवले. शेंगांचा एक झुबका माझ्यापुढे धरला. मी दोन घेतल्या. कोवळे होते दाणे, गोड. मग मला हिशेबाचा माणूस म्हणून राहवेना, मी त्याला सांगितलं, की खेळाच्या नियमात तीन काय आणि चार काय, सारखेच. तीनच्या वर कितीही टेकला तरी तीनच धरतात.

त्यानं चघळायचं थांबवलं. ही गोष्ट मी त्याला आधी सांगितली नव्हती, आणि ती त्याला पसंत पडलेली दिसली नाही.

"मंग तीन टेकून झाले का आरामानं पायीच जात जा न," तो म्हणाला.

दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. मी फुटरेस्टवर उभा राहिलो, आणि तो टरफलं झटकून, पाणी नीट दिसेल अशा जागी जाऊन बसला.